वाळूत ०.०२ टक्के कार्बन : धरायचा की सोडून द्यायचा?

ओली_वाळू
नमस्कार मंडळी. विषय रुक्ष आहे हे आधीच कबूल करते, पण इथे शेतकऱ्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळे सापडतात म्हणून विचारते.

मी न्यू जर्सीत पर्यावरण सल्लागाराचं काम करते. सध्या एका जुन्या ड्राय क्लिनरची जागा हातात आहे. कपडे धुवायचं परक्लोरोइथिलिन (पुढे नुसतं ‘पर्क’ म्हणते) तिथे वर्षानुवर्षं जमिनीत मुरलं आणि भूजलात उतरलं. आता ते पाण्याबरोबर उताराकडे किती वेगाने सरकतंय ते काढायचंय. शेजारी वस्ती आहे, त्यामुळे आकड्याला महत्त्व आहे.

कॉलेजात शिकलो ते असं: ज्या रसायनांना पाणी आवडत नाही ती गाळातल्या सेंद्रिय कार्बनला जाऊन चिकटतात, म्हणून पाण्याच्या मागे पडतात. आमच्या वाळूत लॅबने कार्बन दिलाय ०.०२ टक्के. म्हणजे दहा किलो वाळूत दोन ग्रॅम! साहेब म्हणतात, “एवढ्याशाचं काय घेऊन बसलीस, ईपीएच्या (अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या) १९९६च्या मार्गदर्शिकेत खालच्या मातीसाठी ०.२ टक्के गृहीत धरलाय, तो टाक आणि अहवाल संपव.” दोन आकड्यांत दहापट फरक आहे हो.

तर प्रश्न दोन. चिमूटभर कार्बनने खरंच काही अडतं का? आणि मी कुठला आकडा लिहू?

टिचकी
दहा किलोत दोन ग्रॅम म्हणजे आमच्या कँटीनच्या मिसळीतली मटकी. असते, पण सिद्ध करता येत नाही.

नुसताच_वाचक
काही कळलं नाही, पण बसलोय. कुणीतरी सोप्या भाषेत सांगा.

रसायनकाकू
मी सांगते. पस्तीस वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलंय, सवय जात नाही.

कालची तर्रीवाली आमटी एका स्टीलच्या डब्यात ठेवा, एका प्लास्टिकच्या. दोन्ही नुसत्या पाण्याने विसळा. स्टीलचा बऱ्यापैकी निघतो. प्लास्टिकचा मात्र पिवळा तेलकट राहतो तो राहतोच. तेलातल्या हळदीला पाण्यापेक्षा प्लास्टिक जवळचं वाटतं, ती त्यात मुरते. वाळूचा कण म्हणजे क्वार्ट्झ, फेल्डस्पार वगैरे, हा स्टीलचा डबा. त्याच्या अंगावर पाण्याचाच पातळ थर घट्ट बसलेला असतो, तो पर्कला जागा देत नाही. कुजलेल्या झाडपाल्याचा जो अंश कणांवर असतो तो प्लास्टिकचा डबा. पर्क, बेंझीन, जुनी कीटकनाशकं ही सगळी हळदीच्या जातकुळीतली.

१९७९ साली हे आकड्यांत बसवलं गेलं. कॅरिकहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की रसायन पाण्यापेक्षा ऑक्टॅनॉल नावाच्या तेलकट द्रवात किती रमतं हे मोजलं, की ते गाळातल्या कार्बनमध्ये किती मुरेल याचा अंदाज येतो. मग गाळाची पकड म्हणजे कार्बनचा अंश गुणिले त्या रसायनाची कार्बनकडची ओढ. इतकं सरळ.

नुसताच_वाचक
काकू, पहिल्यांदा कळलं. आता प्लास्टिकचे डबे फेकून देतो.

शब्दखोर
“चिकटणं”, “मुरणं” दोन्ही एकाच वाक्यात? पृष्ठभागावर बसलं तर अधिशोषण, आत शिरलं तर अवशोषण. दोन वेगळ्या क्रिया आहेत. ॲक्विफरलाही (जमिनीखालचा पाणी धरणारा थर) मराठीत छान शब्द आहे, जलधर.

टिचकी
जलधर म्हणजे ढग ना? आमच्या शाळेत तरी ढगच होता.

शब्दखोर
संस्कृतात ढग. भूजलवाल्यांनी तो जमिनीखाली नेला. त्यांना विचारा.

गोदाकाठचा
आम्हीच नेला, आमचीच चूक. सरकारी भूजल खात्यात तीस वर्षं “जलधर” लिहिलं, गावकऱ्यांनी एकदाही वापरला नाही. ते म्हणतात “पाण्याचा थर लागला” किंवा “झरा लागला”. शब्दखोर यांचा मुद्दा मात्र शब्दापुरता नाही, त्यात विज्ञान आहे. या धाग्यावर पुढे तो नडणार, बघा.

बर्फातला_बाळ्या
नडणारच, आणि मीच नडवतो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात शिकलोय, या प्रश्नावर गप्प बसलो तर डिग्री परत घेतील.

ओली_वाळू, तुमचे दोन्ही आकडे सूत्रात टाकून बघू. पर्कची कार्बनकडची ओढ ईपीएच्या त्याच मार्गदर्शिकेत १५५ लिटर प्रति किलो आहे. वाळूची घनता १.८, सच्छिद्रता ०.३३ धरली. सूत्र असं: मंदन (म्हणजे रसायन पाण्यापेक्षा किती पट हळू चालतं) = १ + (घनता ÷ सच्छिद्रता) × पकड.

कार्बन ०.०२ टक्के असेल तर पकड ०.०३१ आणि मंदन १.१७. म्हणजे पाणी ११७ मीटर गेलं की पर्क १०० मीटर जाणार. जवळजवळ बरोबरच.
कार्बन ०.२ टक्के असेल तर पकड ०.३१ आणि मंदन २.७. पर्कचा वेग पाण्याच्या जेमतेम ३७ टक्के.

पुस्तकातलं उत्तर इथे संपतं. आता जमिनीतलं ऐका.

टोरांटोच्या वायव्येला बॉर्डन नावाचा लष्करी तळ आहे. तिथल्या वाळूच्या जलधरात (शब्दखोर, खूश?) २३ ऑगस्ट १९८२ रोजी स्टॅनफर्ड आणि वॉटर्लूच्या लोकांनी सुमारे १२ घनमीटर पाणी सोडलं. त्यात क्लोराइड आणि ब्रोमाइड ही कशालाही न चिकटणारी मीठं होती, आणि पाच सेंद्रिय रसायनं: कार्बन टेट्राक्लोराइड, ब्रोमोफॉर्म, पर्क, डायक्लोरोबेंझीन आणि हेक्झाक्लोरोइथेन. उताराकडे बारीक नळ्यांचं जंगलच उभं केलं, वेगवेगळ्या खोलीवर नमुने घ्यायच्या जागा सुमारे ५,०००. आणि दोन-तीन वर्षं तो ढग कसा सरकतो ते बघत बसले.

त्या वाळूत कार्बन किती होता माहीत आहे? ०.०२ टक्के. तुमच्याइतकाच.

सूत्राप्रमाणे पर्क मिठाच्या मागोमाग धावायला हवं होतं. प्रत्यक्षात त्याचं मंदन निघालं २.७ ते ५.९. कार्बन टेट्राक्लोराइडचं १.८ ते २.५, डायक्लोरोबेंझीनचं ३.९ ते ९. आणि हा पल्ला काही मोजमापाच्या चुकीमुळे आलेला नाही. दिवस जातील तसं मंदन *वाढत* गेलं. सुरुवातीला कमी अडलं, नंतर जास्त.

टिचकी
थोडक्यात वारी. क्लोराइड म्हणजे आळंदीहून निघालं ते थेट पंढरपूर. पर्क म्हणजे आमचे मामा, दिसेल त्या मंडपात चहा, दिसेल त्या मंडपात केळी.

पाणीपुरी
मराठी धाग्यावर वारीची उपमा ३०व्या प्रतिसादाच्या आत आली. बिंगो!

ओली_वाळू
थांबा थांबा. म्हणजे साहेबांचा ०.२ टक्के टाकला तर २.७ येतं, आणि बॉर्डनला मोजलेली किमान किंमतही २.७? साहेब बरोबर?

बर्फातला_बाळ्या
साहेब चुकीच्या कारणाने बरोबर, आणि तेही फक्त बॉर्डनमध्ये. बंद पडलेलं घड्याळही दिवसातून दोनदा.

रसायनकाकू
बाळ्या, मी शिकवलेल्या सूत्राला तू एका पोस्टमध्ये खाली पाडलंस. कारण सांग की.

बर्फातला_बाळ्या
काकू, सूत्र खाली पडलं नाही, त्याची हद्द संपली. श्वार्झेनबाख आणि वेस्टॉल यांनी १९८१मध्येच स्वित्झर्लंडमधल्या गाळावर काम करून सांगितलं होतं की कार्बन ०.१ टक्क्याच्या खाली गेला की नुसत्या कार्बनच्या अंशावरून अंदाज बांधू नका. तिथे स्टीलचा डबाही थोडंफार धरायला लागतो, कारण प्लास्टिकच जवळजवळ संपलेलं असतं.

हे एक कारण झालं. दुसरं म्हणजे वाळूचे कण भरीव नसतात. त्यांच्यात बारीक भेगा आणि पोकळ्या असतात, पर्क त्यांत संथपणे शिरत राहतं. बॉल आणि रॉबर्ट्स यांनी हीच बॉर्डनची वाळू प्रयोगशाळेत घेतली (त्यांचे लेख १९९१चे), तर पर्क पूर्ण मुरायला आठवडे, महिने लागत होते. नेहमीची चाचणी एक-दोन दिवसांत उरकतात, म्हणून तिच्यात पकड कमी दिसते.

तिसरं कारण मला सगळ्यात आवडतं. सगळा कार्बन सारखा नसतो. झाडपाल्याचा ताजा ह्यूमस वेगळा, आणि कोळसा, काजळी किंवा लाखो वर्षं खडकात दाबला गेलेला केरोजेन वेगळा. ग्राटवोल यांनी १९९०मध्ये दाखवलं की जुन्या खडकातला भाजून-दाबून निघालेला कार्बन ग्रॅमला ग्रॅम लावला तर आजच्या मातीतल्या कार्बनपेक्षा दहापटीहून जास्त धरू शकतो. बॉर्डनच्या वाळूतही बरीचशी पकड गडद रंगाच्या चुनखडकाच्या खड्यांत निघाली. लॅबच्या कागदावर मात्र दोन्हींचा “०.०२” सारखाच दिसतो.

शब्दखोर
म्हणजे ह्यूमसमध्ये मुरतं ते अवशोषण आणि कोळशावर बसतं ते अधिशोषण. मी म्हटलं होतं.

बर्फातला_बाळ्या
हो महाराज. आणि म्हणूनच कोळशाची पकड सरळ रेषेत जात नाही. त्याच्या जागा मोजक्या, आधी आलेल्याला बसायला मिळतं. प्रदूषण विरळ असलं की कोळसा घट्ट धरतो, दाट झालं की हाउसफुल. ह्यूमसमध्ये असा फलक लागत नाही.

रसायनकाकू
मान्य. एक दुरुस्ती मात्र करते, लोक घोटाळा करतील. कमी कार्बनला *नेहमीच* जास्त अडतं असा अर्थ काढू नका. बॉर्डनला सूत्राने दिलेल्या अंदाजापेक्षा जास्त अडलं, एवढंच. ०.०२ आणि २ टक्के समोरासमोर ठेवले तर २ टक्केच जिंकणार.

जळगावचा_केळीवाला
राम राम. मी रावेरकडचा, तुमचं इंग्रजी काही येत नाही, पण कर्ब म्हणाल तर तो आमच्या घरातला विषय आहे. माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्ब ०.३८ आला तेव्हा कृषी सहायकाने असं तोंड केलं जसं घरात कुणी आजारी आहे. ०.५च्या खाली म्हणजे कमी. तुमच्याकडे ०.२ला लोक भांडतात, आणि ०.०२ तर आमच्या मते जमीनच नाही, वाळवंट.

आता माझा प्रश्न. आम्ही शेणखत घालतो, केळीचे खांब कुट्टी करून जमिनीत गाडतो, कर्ब वाढवायला. मग त्याने फवारणीचं विष विहिरीत जायचं थांबतं का? थांबत असेल तर गावात सांगायला बरं, नुसतं “जमीन सुधारते” म्हणून कुणी ऐकत नाही.

गोदाकाठचा
केळीवाले दादा, या धाग्यावरचा सगळ्यात उपयोगी प्रश्न तुमचा.

वरच्या वीतभर मातीत कर्ब वाढला तर बरीच कीटकनाशकं आणि तणनाशकं तिथेच जास्त वेळ थांबतात. थांबली की मातीतले जिवाणू त्यांना तोडायला मोकळे. इथवर फायदाच. पण वरच्या मातीतल्या कर्बाचा हिशेब खाली पोहोचत नाही. मातीत ०.३८ असेल, त्याखाली दहा-वीस मीटरवर गाळात त्याचा दहावा हिस्साही सापडेलच असं नाही. ओली_वाळू ताई ज्याबद्दल विचारतात ते खालचं आहे.

शिवाय नायट्रेट. युरियातून येतं, आणि कर्बाला ते जुमानत नाही. ऋण प्रभाराचं, पाण्यात पूर्ण विरघळलेलं. बॉर्डनच्या क्लोराइडचाच भाऊ, सरळ विहिरीत. तुमच्या भागात विष अडवायला कर्ब, आणि नायट्रेटसाठी युरियाची मात्रा बेताची, हे दोन वेगळे उपाय सांगा गावात.

तुमच्याकडे निदान तापीचा गाळ आहे, सातपुड्याच्या पायथ्याचा. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग काळ्या पाषाणाचा, बेसॉल्टचा. तिथे पाणी चालतं ते भेगांतून, मुरमातून, दोन लाव्हा थरांच्या मधून. लाव्हा १,००० अंशांच्या वर तापलेला होता, त्यात कुठला आलाय कर्ब. भेगेतून एकदा प्रदूषण उतरलं की त्याला अडवायला ना हळदीचा डबा, ना कोळसा. मी लोकांना नेहमी सांगायचो, आपल्याकडे संरक्षण आहे ते वरच्या काळ्या मातीत आणि मुरमात. ती खरवडून टाकली आणि खड्ड्यात सांडपाणी सोडलं तर खाली अडवणारं कुणी नाही.

जळगावचा_केळीवाला
समजलं सर. म्हणजे कर्ब आमच्याकडे राखणदार आहे, पण फाटकापुरता.

टिचकी
केळीवाल्यांनी एका ओळीत अख्खा धागा गुंडाळला.

हुगळीपार
गुंडाळू नका, मला बोलायचंय. तुम्ही सगळे कर्बाला राखणदार म्हणताय, आणि मी अशा ठिकाणी राहतो जिथे तोच चोराला दार उघडतो.

कामानिमित्त बरीच वर्षं कोलकात्याला आहे. नदिया, मुर्शिदाबादकडच्या आर्सेनिकच्या गोष्टी इथे पेपरात सतत असतात. पश्चिम बंगालमध्ये १९८३ साली त्वचेवरचे डाग बघून हे पहिल्यांदा लक्षात आलं. नंतर बांगलादेशात १९९८-९९च्या मोठ्या पाहणीत उथळ नलकूपांपैकी २७ टक्के नलकूप तिथल्या लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेच्या वर निघाले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १० आहे.

आर्सेनिक बाहेरून आलेलं नाही. हिमालयातून वाहून आलेल्या गाळात, वाळूच्या कणांवर लोखंडाच्या गंजाचा जो थर असतो त्याला ते चिकटलेलं असतं, हजारो वर्षं गुमान. मग गाळातला सेंद्रिय कार्बन जिवाणू खातात. खाताना ऑक्सिजन संपतो. मग ते गंजातल्या लोखंडावर श्वास घेतात, गंज विरघळतो, आणि त्याला चिकटलेलं आर्सेनिक पाण्यात मोकळं. कार्बन जितका ताजा आणि खाण्याजोगा, तितकं हे जोरात.

तो कार्बन आला कुठून यावर शास्त्रज्ञांत रीतसर भांडण झालंय. काही म्हणतात गाळात पुरलेल्या पीटमधून (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या झाडपाल्यातून), काही म्हणतात तळ्यांतून आणि भातखाचरांतून झिरपून. दोघांकडे चांगले पुरावे आहेत.

आणि मजा ऐका. बांगलादेशात मतलबकडचे नलकूप खोदणारे मिस्त्री वाळूच्या रंगावरून पाणी ओळखायला लागले. तांबूस-तपकिरी वाळू लागली तर गंज शाबूत, पाणी बहुधा बरं. करडी-काळी लागली तर सावध. शाळा न शिकलेला माणूस ड्रिलच्या तोंडावर उभा राहून लोखंडाचं रसायनशास्त्र वाचतो.

रसायनकाकू
सुरेख. म्हणजे पर्कसाठी प्लास्टिकचा डबा, आणि आर्सेनिकसाठी डब्याचं झाकण कुरतडणारा उंदीर. कार्बन तोच.

नुसताच_वाचक
मी आता नुसता वाचक राहू शकत नाही. घरच्या फिल्टरमध्ये जो कोळसा असतो तो हाच का?

रसायनकाकू
तोच. नारळाच्या करवंटीचा किंवा दगडी कोळशाचा, वाफ देऊन छिद्रं वाढवलेला. बाळ्या म्हणाला तसं मोजक्या खुर्च्यांचं नाट्यगृह आहे ते, फक्त खुर्च्या प्रचंड. भरल्या की कांडी बदलायची. बदलली नाही तर नंतर आलेले पाहुणे आधीच्यांना उठवून पाण्यात सोडतात.

माझी आजी तीन मडकी एकावर एक ठेवायची. वरच्यात पाणी, मधल्यात कोळसा आणि वाळू, खालच्यात पिण्याचं. वरच्या मडक्यात जुन्या साडीची वात. आम्ही हसायचो.

पाणीपुरी
आमच्याकडे अजून आहे ते. उन्हाळ्यात पाणी गार म्हणून ठेवलंय, शास्त्र कुणाला माहीत. फोटो टाकू का?

गोदाकाठचा
टाका. पण कोळसा किती वर्षांपूर्वीचा आहे तेही लिहा.

पाणीपुरी
…नको, फोटो राहू दे.

ओली_वाळू
हुगळीपार, तुमच्या पोस्टने माझी झोप उडवली, कारण माझ्याकडेही तेच दुसऱ्या रूपात आहे. ऑक्सिजन संपलेल्या जागी जिवाणू पर्कमधला क्लोरीन एकेक करून काढतात. पर्कचं ट्रायक्लोरोइथिलिन, त्याचं डायक्लोरो, त्याचं व्हायनिल क्लोराइड, आणि नशीब असेल तर शेवटी निरुपद्रवी इथिलिन. हे व्हायला खाद्य लागतं, ते पुन्हा कार्बनच पुरवतो. पण गाडी मध्येच अडकली तर पंचाईत. पर्कची पिण्याच्या पाण्यातली ईपीएची मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम, व्हायनिल क्लोराइडची २. आणि व्हायनिल क्लोराइड कार्बनला फारसं चिकटत नाही, सुसाट सुटतं.

बर्फातला_बाळ्या
म्हणून नुसतं “अडतं का” विचारून भागत नाही, अडल्यावर त्याचं काय होतं तेही बघावं लागतं. बॉर्डनच्या पाचांतही कार्बन टेट्राक्लोराइड आणि पर्क यांचं वस्तुमान शेवटपर्यंत टिकलं, ती नुसतीच मागे पडली. हेक्झाक्लोरोइथेन मात्र वाटेत बदलत गेलं.

न चिकटण्याचं सगळ्यात महागडं उदाहरण कॅलिफोर्नियातलं. पेट्रोलमधलं बेंझीन वगैरे गाळात बऱ्यापैकी अडतं आणि जिवाणू ते खातातही. पेट्रोलमध्ये एमटीबीई नावाचं रसायन मिसळायला लागले, ते पाण्यात मजेत विरघळतं, कार्बनकडे ढुंकून बघत नाही, लवकर तुटतही नाही. सांता मोनिकाला १९९६मध्ये पिण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या.

नुसताच_वाचक
आणि ते ‘कायमची रसायनं’ म्हणतात, पीफास, त्यांचं?

बर्फातला_बाळ्या
अर्धवट. रेणूची शेपटी लांब असेल तर कार्बनला धरतं, आखूड असेल तर पुढे पळतं. पण त्यांच्या टोकाला प्रभार असतो, त्यामुळे खनिजं, पाण्याचा सामू, इतर क्षार, सगळे मध्ये बोलतात. पर्कचं सूत्र तसंच्या तसं लावलंत तर फसाल. अमेरिकेने २०२४मध्ये त्यातल्या दोन मुख्य रसायनांना लिटरमागे ४ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली, म्हणजे इथे ‘थोडंसं फसलो’ही परवडत नाही.

टिचकी
ओली_वाळू ताईंचा मूळ प्रश्न कुणाला आठवतोय का? का तोही कार्बनमध्ये मुरला?

गोदाकाठचा
आठवतोय. ताई, माझ्या मते तुम्ही दोन्ही आकडे लिहू नका. आधी विचारा, ०.०२ आला कसा.

एक, नमुने किती होते? एका भोकातल्या एका नमुन्यावर गाळाचं चारित्र्य ठरवता येत नाही. नदीने टाकलेला गाळ असतो, वीतभर वाळू, बोटभर चिकणमाती, मध्येच पालापाचोळ्याची काळी रेघ.
दोन, चुनखडी आहे का? असेल तर आम्ल घालून आधी ती काढलीय ना? नाहीतर चुनखडीतला कार्बनही मोजला जातो आणि आकडा फुगतो. उलट एकूणातून अजैव वजा करून काढला असेल तर ०.०२ हा दोन मोठ्या आकड्यांच्या फरकातला उरलासुरला अंश, त्यावर कितपत विसंबायचं?
तीन, शेतीच्या लॅबमधली डायक्रोमेटची पद्धत, १९३४ची वॉकली-ब्लॅक, ०.५ टक्क्याच्या मातीला ठीक. इतक्या कमी कार्बनला ती नको, आणि कोळशासारखा कार्बन तिला नीट सापडतही नाही.

बर्फातला_बाळ्या
आणि चार: जमलं तर त्याच वाळूवर पर्कची चाचणी करा, दोन दिवसांची नको, निदान काही आठवड्यांची. शिवाय तुमच्याकडे पर्कच्या गळतीचा अंदाजे काळ आहे, भूजलाचा वेग आहे आणि ढगाची लांबी आहे. त्या तिघांतून मंदन उलटं काढून बघा. गळती नक्की कधी सुरू झाली हे कुणी सांगत नाही, त्यामुळे ढोबळच येईल, पण १.२ आणि ५ यांतला फरक कळायला ढोबळ पुरतं.

साहेबांना हेही सांगा की जास्त मंदन म्हणजे आनंदाची बातमी नव्हे. ढग हळू सरकतो, पण पंप लावून पाणी उपसायला गेलात की तेच मुरलेलं पर्क पुढची कित्येक वर्षं थेंब थेंब परत येतं. उपसा बंद केला की आकडा पुन्हा वर.

रसायनकाकू
डबा दहा वेळा विसळला तरी अकराव्या पाण्याला वास येतोच.

ओली_वाळू
(अठरा दिवसांनी)
धागा वर काढतेय. गोदाकाठचे सर, तुमच्या “एक” नंबरने घात केला.

लॅबला विचारलं. एकूण चार नमुने गेले होते, चारही स्वच्छ वाळूचे. आम्ल घातलं होतं, पद्धत ठीक होती. म्हणून मग मी गाळाच्या नळ्यांचे फोटो मागवले. सात मीटर खोलीवर एक थर आहे, जेमतेम वीतभर, काळाकुट्ट, त्यात लाकडाचे तंतू दिसतात. नोंदवहीत शेजारी लिहिलंय: “काळी चिकणमाती, नमुना नाही.” ज्याने खोदकामाची नोंद केली त्याला विचारलं तर म्हणाला, “घाण दिसत होती, प्रातिनिधिक वाटली नाही म्हणून सोडली.”

तेवढा तुकडा पाठवला. कार्बन १.४ टक्के.

बर्फातला_बाळ्या
अरे देवा. सत्तरपट! त्या थरात पर्कचं मंदन सूत्राने सुद्धा तेराच्या आसपास जातं. आणि १.४ला सूत्र त्याच्या हद्दीत आहे.

पण पाणी त्या थरातून वाहत नसेल, वरून-खालून जात असेल. पर्क त्यात बाजूने झिरपत आत गेलं असणार, इतकी वर्षं. आता वाळूतलं पाणी स्वच्छ झालं तरी तो थर आतून परत देत राहील. पर्क मोजलंत का त्यात?

हुगळीपार
आणि व्हायनिल क्लोराइड? लाकडाचे तंतू म्हणजे जिवाणूंना मेजवानी.

ओली_वाळू
दोन्ही मोजायला दिलीयत. तीन जागी नव्याने खोदणार आहोत, तो काळा थर किती लांब पसरलाय ते बघायला. साहेबांनी खर्च मंजूर केला. अहवालातला ०.२ टक्के अजून तसाच आहे, त्यावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलंय त्यांनी.

जळगावचा_केळीवाला
ताई, काळी माती दिसली आणि फेकून दिली? आमच्याकडे आणा, केळीला टाकतो.

गोदाकाठचा
दादा, ही नका टाकू.